चांदण्या रात्रीचं निरीक्षण: नागपूरच्या गच्चीवर पंचांग आणि दुर्बीण

नवी दुर्बीण घरात आली की पहिला सल्ला मिळतो तो अमावास्येची वाट पाहण्याचा. दीर्घिका आणि अंधूक तेजोमेघ यांच्यासाठी तो योग्यच आहे. पण नागपुरात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरलेलं. उरलेल्या महिन्यांत अमावास्येच्या आगेमागच्या रात्री मोजक्या, आणि त्यातल्या सुटीच्या दिवशी येणार किती? बाकीच्या रात्री दुर्बीण चादरीखाली ठेवली तर नवशिक्याचा हात कधी बसतच नाही. चांदण्या रात्री पाहण्यासारखं भरपूर असतं आणि त्यासाठी शहराबाहेर जावं लागत नाही. शिवाय कोणत्या रात्री काय पाहायचं हे भिंतीवरच्या पंचांगात आधीच छापलेलं असतं. ७० मिमी भिंगाच्या दुर्बिणीपासून ८ इंची आरशाच्या डॉबसोनियनपर्यंत (साध्या फिरत्या पायावर बसवलेली आरशाची दुर्बीण) कुठलंही साधन असलं तरी पुढची पद्धत चालते.

चंद्रप्रकाशाने काय जातं, काय राहतं

पौर्णिमेच्या चंद्राची प्रत (तेजस्वितेचं माप, आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) सुमारे -१२.७ आणि शुक्ल अष्टमीच्या अर्धचंद्राची साधारण -१०. पौर्णिमेचं बिंब दुप्पट उजळलेलं दिसतं, पण प्रकाश मात्र दहापटीहून जास्त असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि चंद्रावरच्या प्रत्येक दगडाची सावली त्या दगडामागेच लपते, त्यामुळे असं होतं. म्हणून अष्टमी आणि चतुर्दशी या दोन्ही ‘चांदण्या रात्री’ असल्या तरी निरीक्षणाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे.

चांदण्यात बुडतात त्या पसरट, अंधूक वस्तू: देवयानी दीर्घिकेची किनार, सिंह-कन्येतल्या दीर्घिका, बहुतेक तेजोमेघ. ज्यांचा प्रकाश एका बिंदूत किंवा छोट्या बिंबात एकवटलेला असतो ते जोडतारे, ग्रह आणि ठळक तारकागुच्छ टिकून राहतात. ‘लाइट पोल्युशन फिल्टर’ लावून चंद्रप्रकाश कापता येत नाही. चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, त्यात सगळे रंग असतात. फिल्टर वेगळं काय करणार? तेजोमेघांचे ठरावीक रंगच आत सोडणाऱ्या यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टरने मृगातला मोठा तेजोमेघ थोडा उठून दिसतो, दीर्घिकांना कुठल्याच फिल्टरचा उपयोग होत नाही. त्या खरेदीत पैसे घालू नका.

महाल असो की धरमपेठ, शहरातलं आकाश एरवीही उजळच असतं, त्यामुळे चांदण्याने नागपूरकराचं नुकसान तुलनेने कमी होतं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिकडची फेरी कृष्ण पक्षाच्या शेवटासाठी राखून ठेवा. शुक्ल नवमीला सिल्लारीपर्यंत जाऊन जे दिसेल ते जवळपास सगळं घरच्या गच्चीवरून दिसतं.

तिथी हेच वेळापत्रक

चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण होते. चंद्रावर दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरची रेषा, जिला निरीक्षक टर्मिनेटर म्हणतात, तीही एका तिथीत चंद्राच्या रेखांशावर १२ अंशच सरकते. म्हणजे तिथी सांगितली की चंद्रावर कुठे उजाडतंय ते कळलं. शुक्ल अष्टमीच्या मध्यावर ही रेषा बिंबाच्या बरोबर मध्यातून जाते. रेषेलगत सूर्य क्षितिजाजवळ असल्याने दीडदोनशे मीटर उंचीच्या टेकडीचीही सावली लांब पडते आणि विवरांच्या भिंती उभ्या दिसतात. रेषेपासून दूर, भर दुपारच्या उन्हातला चंद्र सपाट दिसतो. चंद्र पाहायचा म्हणजे ही रेषा पाहायची.

दोन खबरदाऱ्या घ्या. पंचांगात दिवसाला दिलेली तिथी सूर्योदयाची असते. तिची समाप्तीची वेळ पाहा. ती दुपारी संपत असेल तर संध्याकाळी पुढची तिथी चालू असते. शिवाय चंद्र आपल्याकडे पाहताना थोडा डोलतो, त्यामुळे एखादं विवर अर्धी तिथी आधी किंवा नंतर उजाडू शकतं. म्हणून ठरलेल्या वस्तूसाठी लागोपाठ दोन संध्याकाळी हाताशी ठेवा.

शुक्ल तृतीया-चतुर्थीला उजळ कोरीच्या काठाजवळ मारे क्रिसियम हा अंडाकृती काळसर ‘समुद्र’ दिसतो. त्याच्या दक्षिणेला पेटाव्हियस विवर आहे. त्याच्या तळावरची मध्यापासून भिंतीकडे जाणारी सरळ भेग ७० मिमीच्या दुर्बिणीतूनही ओळखता येते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी कोरीचा उरलेला काळा भागही राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला प्रकाश असतो. २५ मिमीच्या आयपीसमध्ये (डोळा लावायचं, बदलता येणारं भिंग) पाहा, मोठं वर्धन नको.

षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीच्या संध्याकाळीही, थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना हे तिघं एका ओळीत उजाडतात. थिओफिलस सुमारे १०० किमी रुंद आहे आणि मध्यभागी डोंगर आहेत. त्याची भिंत सिरिलसच्या भिंतीवर चढलेली दिसते, म्हणजे थिओफिलस नंतरचा. विवरांचं वय असं नुसत्या नजरेने ठरवण्याचा सराव इथून सुरू करावा. त्याच सुमाराला मारे सेरेनिटाटिसमध्ये १६ किमीचं बेसेल विवर शोधा. त्याच्या ईशान्येला जेमतेम ८ किमीचं एक विवर आहे, साराभाई. विक्रम साराभाईंचं नाव त्याला १९७३ मध्ये दिलं गेलं. पृथ्वीवरून ते सुमारे ४ विकलांचं दिसतं (एका अंशाच्या ३६०० विकला होतात), म्हणून ११४ मिमी किंवा मोठा आरसा, १०० ते १२० पट वर्धन आणि स्थिर हवा हवी.

चांद्रयान-३ चं विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, त्या दिवशी श्रावण शुक्ल सप्तमी होती. तिथे नुकतं उजाडलेलं असावं आणि पुढे पंधरवडाभर ऊन मिळावं असा तो हिशेब होता. उतरण्याची जागा सुमारे ६९ अंश दक्षिण, ३२ अंश पूर्व. षष्ठी-सप्तमीला दक्षिण काठाकडे ९८ किमीचं मँझिनस विवर ओळखलं की तुम्ही त्या परिसरात पोचलात. काठाजवळ असल्याने सगळी विवरं चपटी, लांबट दिसतात. लँडर पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही, हे सोबतच्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

अष्टमी ही महिन्यातली सगळ्यांत श्रीमंत रात्र. पाहुण्यांना दुर्बीण दाखवायची असेल तर कोजागरीपेक्षा अष्टमीला बोलवा. बिंबाच्या मध्याजवळ टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन मोठी विवरं उत्तर-दक्षिण ओळीत असतात. उत्तरेला अ‍ॅपेनाइन्स पर्वतरांग, जिची काही शिखरं ५ किमीहून उंच आहेत. ही शिखरं अंधाऱ्या बाजूला प्रकाशाचे सुटे ठिपके म्हणून आधी चमकतात आणि काही तासांत खालचे उतार उजळून रांगेला जोडले जातात. चंद्रावर विषुववृत्ताजवळ टर्मिनेटर ताशी सुमारे १५ किमी वेगाने सरकतो, त्यामुळे हा बदल बसल्या जागी दिसतो. एकच ठिपका निवडून दर पंधरा मिनिटांनी त्याचं चित्र काढा.

नवमीचा चंद्र आमच्या मते सरावासाठी सर्वोत्तम. दक्षिणेला २३० किमीचं क्लॅव्हियस आणि त्याच्या पोटात कमानीत मांडलेली, क्रमाने लहान होत जाणारी विवरं. त्यांतली किती मोजता येतात त्यावरून त्या रात्रीची हवा कळते. उत्तरेला प्लेटो, सुमारे १०० किमीचं, गुळगुळीत काळ्या तळाचं. तळावरची दोन-अडीच किमीची विवरं दिसली तर ८ इंची आरसा आणि हवा दोन्ही उत्तम आहेत असं समजा. मारे न्यूबियममध्ये ‘सरळ भिंत’ काळ्या रेषेसारखी दिसते. लांबी सुमारे ११० किमी, उंची जेमतेम २५०-३०० मीटर. रेष काळी दिसते ती सावलीमुळे. कृष्ण अष्टमी-नवमीला ऊन उलट बाजूने पडतं आणि तीच रेष पांढरी होते. रामनवमीच्या संध्याकाळी शोभायात्रा पाहून आलात की नऊ-साडेनऊपर्यंत चंद्र भरपूर उंच असतो, हे सगळं त्या दिवशी मिळतं.

दशमीला कोपर्निकस. ९३ किमी रुंद, जवळपास ४ किमी खोल, आतल्या भिंतीवर पायऱ्यांसारखे कोसळलेले थर. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं की पावणेआठच्या सुमारास चंद्र दक्षिणेला सर्वांत उंच, सुमारे ५० अंशांवर असतो. दशमी दुपारीच संपली असेल तर एकादशीचं दृश्य मिळेल, तेही कमी नाही: सायनस इरिडम या अर्धगोल आखाताभोवतीच्या जुरा पर्वतावर ऊन पडलेलं असतं आणि आतला भाग अजून अंधारात. अंधारात बाहेर आलेली ही सोनेरी कडी साध्या बायनॉक्युलरमधूनही दिसते. कार्तिकी एकादशीला नागपुरात आभाळ बहुधा मोकळं असतं, तेव्हा नक्की पाहा. द्वादशीला गॅसेंडी विवराच्या तळावरच्या भेगा आणि अ‍ॅरिस्टार्कस हे लखलखीत विवर.

पौर्णिमेला सावल्या नसतात, पण किरणं असतात. टायकोपासून निघालेले पांढरे पट्टे अर्ध्या बिंबावर पसरतात. मारे फेकुंडिटाटिसमधल्या मेसिए जोडीमागे दोन समांतर पट्टे दिसतात. यासाठी ४०-५० पट वर्धन पुरे.

शुक्ल पक्षात जे ज्या तिथीला उजाडतं ते कृष्ण पक्षातल्या त्याच तिथीला मावळतं. शुक्ल षष्ठीचा थिओफिलस कृष्ण षष्ठीला पुन्हा रेषेवर येतो, या वेळी सावल्या उलट्या दिशेने. संकष्टीच्या चंद्रोदयाला घरोघरी चंद्र पाहिला जातो. तेव्हा तो क्षितिजावर थरथरत असतो, म्हणून दुर्बीण दीड-दोन तासांनी लावा.

साधन: काय लागतं, काय नको

वर्धन म्हणजे दुर्बिणीची नाभीय लांबी भागिले आयपीसची. १२०० मिमीच्या डॉबसोनियनवर २५ मिमी आयपीस लावला की ४८ पट, १० मिमीने १२० पट, ६ मिमीने २०० पट. बिंब पूर्ण मावतं ते ४८ पटीत. कागदावर कमाल मर्यादा आरशाच्या व्यासाच्या प्रत्येक मिमीला दोन पट असली तरी नागपूरच्या बहुतेक रात्री हवा १५०-२०० पटींच्या पुढे जाऊ देत नाही. दुर्बिणीसोबत आलेला ४ मिमीचा आयपीस आणि प्लास्टिकचा ३ पट बार्लो (आयपीसच्या पुढे बसवायचं, वर्धन वाढवणारं भिंग) बाजूला ठेवा. त्यांनी चित्र फक्त मोठं आणि मळकट होतं. २५ आणि १० मिमीचे साधे प्लोस्ल जातीचे आयपीस आणि एक चांगला २ पट बार्लो, एवढ्यावर वर्ष निघतं.

दुर्बीण किती बारीक भेद करते ते ११६ भागिले व्यास (मिमी) या सूत्राने मिळतं, उत्तर विकलांमध्ये. ७० मिमीला १.७, ११४ ला १, १५० ला ०.८. चंद्राच्या सरासरी अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे १.९ किमी. आपल्या दुर्बिणीकडून काय अपेक्षा करायची हे यावरून आधीच ठरवता येतं.

चंद्राच्या प्रकाशाने डोळ्याला इजा होत नाही, पण दिपायला होतं. उपाय म्हणून मून फिल्टर मिळतो. फिरवून कमी-जास्त करता येणारा पोलरायझिंग फिल्टर त्याहून सोयीचा. त्याआधी दोन फुकटचे उपाय करा. वर्धन वाढवा, बिंबाचा प्रकाश पसरून मऊ होतो. आणि चंद्र पाहताना गच्चीवरचा एखादा दिवा चालू ठेवा. इथे डोळे अंधाराला सरावण्याची गरज नाही, उलट सरावलेल्या डोळ्यालाच चंद्र टोचतो. नळीच्या झाकणाला असलेलं छोटं भोक उघडून पाहिल्यानेही प्रकाश घटतो, पण बारकावेही घटतात. तो मार्ग फक्त पौर्णिमेला पाहुण्यांसाठी.

विषुववृत्तीय माउंट (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारी बैठक) असेल तर अक्षांशाची पट्टी २१ अंशांवर लावा. नागपूर २१.१५ अंश उत्तरेला आहे आणि ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो. एवढ्या कमी कोनात प्रतिभाराचा (नळीचा तोल राखणाऱ्या वजनाचा) दांडा तिवईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटू शकतो. अंधार पडण्याआधी नळी सगळीकडे फिरवून पाहा आणि गरज पडली तर पाय थोडा वळवून ठेवा. डॉबसोनियनची अडचण निराळी. माघ ते चैत्र या काळात अष्टमी-नवमीचा चंद्र संध्याकाळी आणि मार्गशीर्ष-पौषातला पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळपास डोक्यावर येतो. तिथे डॉबसोनियन वळवायची म्हणजे पाया खूप फिरवावा लागतो आणि लक्ष्य सारखं सुटतं. चंद्र डोक्यावरून तासभर पुढे सरकू द्या.

जागा आणि गच्चीची उष्णता

नागपुरात चित्र बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण स्लॅब. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गच्ची रात्री अकरापर्यंत उष्णता ओकत राहते. त्या वर चढणाऱ्या हवेतून पाहिलं की चंद्राची कड पाण्याखाली असल्यासारखी हलते. उन्हाळ्यात शक्य असेल तर मातीचं अंगण किंवा हिरवळ निवडा. गच्चीच हाती असेल तर सूर्यास्ताला बादलीभर-दोन बादल्या पाणी शिंपडून स्लॅब वाळू द्या. पूर्ण नाही, पण फरक पडतो. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून किंवा शेजाऱ्याच्या तापलेल्या टिनाच्या छपरावरून कधीही पाहू नका. कूलर खिडकीत धडधडत असेल तर त्याचं कंपन स्लॅबमधून तिवईपर्यंत येतं. त्या कोपऱ्यापासून लांब बसा.

हिवाळ्यात उलट अडचण, दव. नळीच्या तोंडावर काळ्या फोमशीटची गुंडाळी बसवा, लांबी व्यासाच्या दीडपट ते दुप्पट. तीच गुंडाळी तिरकस पडणारा चंद्रप्रकाश आणि शेजारच्या बल्बचा प्रकाशही अडवते. उत्तरेकडे कोराडी-खापरखेड्याच्या बाजूचं क्षितिज धुरकट असतं, म्हणून त्या दिशेला खालचं लक्ष्य निवडू नका. एरवीही ३० अंशांच्या खालचं काही उच्च वर्धनाने पाहण्यात अर्थ नाही.

हवा स्थिर आहे की नाही हे दुर्बीण बाहेर काढण्याआधी पाहा. डोक्यावरचे तारेही लुकलुकत असतील तर उत्तरेचा थंड वारा सुटलेला असतो. ती रात्र कमी वर्धनाची. किंचित धुरकट, अगदी निवांत रात्री आकाश सुंदर दिसत नाही, पण चंद्र आणि ग्रहांसाठी बहुतेक वेळा त्याच सर्वांत चांगल्या ठरतात.

प्रत्यक्ष रात्र, क्रमाने

१. दिवसा उजेडी फाइंडर, म्हणजे लक्ष्य शोधण्यासाठी नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, जुळवा. लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइल टॉवर २५ मिमी आयपीसच्या मधोमध आणा आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच बिंदू फुलीवर घ्या. सूर्य मागे असेल अशीच दिशा निवडा.

२. अष्टमीचा चंद्र दुपारीच उगवतो आणि चार-पाच वाजता पाहण्याचा मोह होतो. सूर्य आकाशात असेपर्यंत दुर्बीण भिंतीच्या किंवा टाकीच्या सावलीत अशी ठेवा की नळीवर ऊन पडूच शकणार नाही. फाइंडरला झाकण लावा आणि मुलांना एकटं सोडू नका. नळी चुकून सूर्यावरून गेली तर डोळा कायमचा जातो.

३. दुर्बीण पाहण्याच्या वेळेआधी बाहेर ठेवा. ७० मिमीला १५-२० मिनिटं, १५० मिमी आरशाला ३०-४५, ८ इंचीला तासभर. एसीच्या खोलीतून मेच्या गच्चीवर आणलेल्या आरशालाही हाच नियम, तिथे तो थंड असतो इतकंच. आरसा आणि हवा यांचं तापमान जुळेपर्यंत नळीच्या आत प्रवाह फिरत राहतात आणि फोकस कधीच बसत नाही.

४. न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, डॉबसोनियनही त्यातलीच) असेल तर एखादा मध्यम तेजस्वी तारा १२० पटीने मधोमध आणून फोकस थोडा बिघडवा. कडी एककेंद्री दिसल्या तर ठीक. एका बाजूला सरकलेल्या दिसल्या तर मुख्य आरशामागचा स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, पुन्हा पाहा. हे चंद्रावर करता येत नाही, ताराच हवा.

५. २५ मिमीने सुरुवात करा. पूर्ण बिंब पाहा, मग टर्मिनेटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाला. ठरवलेलं विवर सापडलं की १० मिमी, आणि सावल्यांच्या कडा धारदार असतील तरच ६ मिमी.

६. २०० पटीला साधारण प्लोस्लचं दृष्टिक्षेत्र पाव अंशाचं असतं आणि लक्ष्य एका मिनिटात निघून जातं. म्हणून डॉबसोनियनवर लक्ष्य पूर्वेच्या कडेला ठेवा, हात काढा, कंपन थांबायला दोन-तीन सेकंद द्या आणि ते सरकत जाताना पाहा. हवा मधूनच एखादा सेकंद स्थिर होते, बारकावे तेव्हाच दिसतात. एका विवराला किमान दहा मिनिटं द्या.

नकाशाशी जुळवताना गोंधळ होतो तो दिशांमुळे. न्यूटोनियनमध्ये चित्र पूर्ण उलटं, म्हणजे १८० अंश फिरलेलं असतं. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी डायगोनल (आयपीस वर वळवणारा आरसा) लावला की वर-खाली सरळ, पण डावं-उजवं बदललेलं. फोनमधल्या चंद्राच्या नकाशात ‘फ्लिप’ करण्याची सोय असते, आपल्या दुर्बिणीप्रमाणे एकदा लावून ठेवा. चंद्रावरचा ‘पूर्व’ म्हणजे मारे क्रिसियमची बाजू. जुन्या पुस्तकांत, १९६१ च्या आधीच्या संकेताप्रमाणे, ती पश्चिम छापलेली सापडते.

चंद्राखेरीज

पंचांगातलं चंद्रनक्षत्र इथे उपयोगी पडतं. चंद्र ज्या नक्षत्रात आहे त्याच्यापासून ४०-६० अंश दूरचं लक्ष्य निवडा. चंद्र पुष्यात असताना पुष्याचा तारकागुच्छ, रोहिणीत असताना कृत्तिका पाहायला जाऊ नका. टाकीच्या सावलीत बसलात आणि डोक्यावर काळं कापड घेतलंत तर आणखी अर्ध्या-पाऊण प्रतीचे तारे हाती लागतात.

जोडताऱ्यांना चांदण्याने काहीच होत नाही. उजळ पार्श्वभूमीवर मुख्य ताऱ्याची चकाकी सौम्य वाटते आणि जोडीदार सुटा दिसतो. पहिला अर्थातच वसिष्ठ: अरुंधती त्याच्या शेजारी डोळ्यांनी दिसतेच, पण दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच १४ विकलांवरच्या दोन ताऱ्यांत फुटतो, ५० पट पुरे. माघ-फाल्गुनात पुनर्वसूतला कॅस्टर, अंतर साडेपाच विकला, १०० पट. त्यानंतर सिंहातला अल्जीबा, पावणेपाच विकला, दोन्ही तारे पिवळसर. मे महिन्यात रात्री दक्षिणेला अनुराधा नक्षत्रातला बीटा वृश्चिक, १४ विकला. आश्विन-कार्तिकात हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ, सोनेरी आणि निळा, ३५ विकला. आणि देवयानीतला अल्माक, १० विकला. अभिजितजवळचा एप्सिलॉन स्वरमंडल ही परीक्षा: ७० मिमीला दोन तारे, त्यांतला प्रत्येक सुमारे २.३ विकलांवर पुन्हा दुहेरी. ११४ मिमी, १५० पट आणि स्थिर हवा असेल तर चारही दिसतात.

गुरू आणि शनी चांदण्यात जसेच्या तसे. गुरूचे पट्टे १२० पटीला बघा, आणि चार चंद्रांची रांग टिपून दोन तासांनी पुन्हा पाहा. तारकागुच्छांत ययातीमधला जोडगुच्छ अष्टमीपर्यंत चांगला दिसतो, पौर्णिमेला निम्मे तारे हरवतात.

शुक्ल पक्षातलं आणखी एक दृश्य नवशिक्यांकडून निसटतं. चंद्र ताऱ्यांतून पूर्वेकडे तासाला साधारण स्वतःच्या रुंदीइतका सरकतो आणि त्याची अंधारी कड पुढे असते. त्या कडेजवळ पाचव्या-सहाव्या प्रतीचा तारा दिसला की डोळा हलवू नका. तारा हळूहळू मंदावत नाही, एका क्षणात विझतो. चंद्राला हवा नाही आणि तारा म्हणजे केवळ बिंदू, याचा यापेक्षा थेट पुरावा घरबसल्या मिळत नाही.

बिघडतं कुठे

चित्र दुधाळ दिसलं तर आधी आयपीस पाहा. त्यावर श्वासाची वाफ किंवा बोटाचा ठसा असतो. चंद्र आयपीसमध्ये काळ्या चंद्रकोरींसह लपाछपी खेळत असेल तर डोळा फार जवळ आहे, थोडा मागे घ्या. चष्मा फक्त जवळ-दूरच्या नंबरचा असेल तर काढून फोकस करा, सिलिंडर नंबर जास्त असेल तर ठेवा. तिवई हलत असेल तर तिचे पाय आखूड करून खुर्चीवर बसून पाहा, आणि गच्चीवर फिरणाऱ्यांना दोन मिनिटं थांबायला सांगा. चंद्र फोकसमध्ये येतच नसेल तर बार्लो काढा, २५ मिमी लावा, फोकसर पूर्ण आत घेऊन सावकाश बाहेर आणा.

फोनने फोटो काढायचा तर आयपीसला पकडणारा होल्डर घ्या, हातात धरून जमत नाही. चंद्रावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, उजेड खाली ओढा, आयएसओ १०० च्या आसपास आणि टायमर २ सेकंदांचा. सुट्या फोटोपेक्षा ३० सेकंदांचा व्हिडिओ घेऊन त्यातली स्थिर चित्रं मोफत सॉफ्टवेअरने एकत्र केलीत तर निकाल बराच चांगला येतो.

आवरताना बाहेरच झाकणं लावा आणि मगच दुर्बीण आत न्या, नाहीतर दमट खोलीतली वाफ थंड आरशावर धरते. आत गेल्यावर दव बसलेलं दिसलं तर झाकण काढून नळी आडवी ठेवा आणि आपोआप वाळू द्या. आरसा किंवा भिंग कापडाने पुसू नका: नागपूरच्या धुळीत बारीक रेती असते आणि एका पुसण्यात लेपावर ओरखडे येतात. वहीत तारीख, तिथी, वेळ, आयपीस आणि हवेची स्थिती लिहा. पुढच्या महिन्यात त्याच तिथीला तेच विवर पाहताना या नोंदी लागतात.